ओरिजिनल म्हणजे नेमकं कधीचं? जुन्या इटालियन स्पोर्ट्‌स कार आणि त्यांचे भाव: पार्श्वभूमी

ऑगस्ट 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात फेरारीची जुनी रेसची गाडी, 250 जीटीओ, 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली तेव्हा आकड्यावर भरपूर बोललं गेलं, पण त्या गाडीची बॉडी तिच्या जन्माची नव्हती यावर फार कोणी थांबलं नाही. गाडी 1962 ची आणि बॉडी 1964 ची. रेसिंगसाठी नवीन आकार आला तसा मोडेनामध्ये जुना पत्रा काढून नवा चढवला गेला. इंजिन आणि गिअरबॉक्स मूळचे. मग ही गाडी ओरिजिनल की नाही? बाजार म्हणाला ओरिजिनल. त्या उत्तरामागे बराच इतिहास आहे आणि तो माहीत नसेल तर हे भाव डोक्यात बसत नाहीत.

साठच्या दशकाबद्दल थोडक्यात एवढंच की तेव्हा या रेसच्या गाड्या म्हणजे नुसती कामाची अवजारं होती. सीझन संपला की गाडी जुनी, इंजिन बसलं की दुसरं टाका, ठोकली की पत्रा बदला. जीटीओ मोजून 36 बनल्या, तरी त्यातली एक अमेरिकेत टेक्ससमधल्या एका हायस्कूलला दान दिली गेली आणि 1972 मध्ये शाळेने ती 6,500 डॉलरला विकून टाकली, त्यानंतर ती ओहायोमध्ये एका शेतात ट्रेलरवर उघड्यावर उन्हापावसात वर्षानुवर्षं पडून होती. कोणाला काही वाटलं नाही, कारण वाटावं असं तेव्हा काही नव्हतंच.

खरा घोळ सुरू झाला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. भाव आधीपासून चढत होतेच, त्यात ऑगस्ट 1988 मध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक वारले आणि लोकांनी अक्षरशः शेअर घ्यावेत तशा गाड्या घ्यायला सुरुवात केली. 1989 मध्ये जीटीओचा सौदा सव्वा कोटी डॉलरच्या पुढे गेला. पैसा आला की गॅरेजं उभी राहतात आणि माझ्या मते या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान अपघातांनी नाही तर त्या तीन-चार वर्षांतल्या रिस्टोरेशनने, म्हणजे गाडी नव्यासारखी करण्याने, केलं. राखाडी, निळ्या, चॉकलेटी गाड्या सरसकट लाल झाल्या, कारण लाल लवकर विकली जाते. हाताने ठोकलेल्या पत्र्याची डावी-उजवी बाजू मूळची कधीच तंतोतंत सारखी नसायची, काही मिलिमीटरचा फरक असायचाच, तो लांबी (पुट्टी) भरून, घासून सरळ केला गेला आणि वर जाड चकचकीत रंग, जो त्या काळी कारखान्यात मारलाच जात नव्हता. दाराच्या आतल्या पॅनेलमागे एखाद्या कारागिराने खडूने लिहिलेला बॉडी नंबर असायचा, तोसुद्धा पुसला गेला. नवं कातडं, नवं क्रोम, आणि साठ वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हाताची खूण कायमची गेली.

आणि 250 जीटीई. चार सीटची, साडेनऊशेच्या आसपास बनलेली, फॅमिलीवाल्या माणसाची फेरारी. तिचंही इंजिन तीन लिटरचं व्ही-12 (बारा सिलिंडरचं), म्हणून जीटीओ किंवा उघड्या टपाच्या कॅलिफोर्निया स्पायडर या महागड्या फेरारीची नक्कल बनवायला तिलाच कापायचे. कितीतरी चांगल्या, चालत्या जीटीई अशा संपल्या. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण जीटीई स्वतः काही कमी गाडी नव्हती, फक्त तेव्हा स्वस्त होती. पुढे 1990 नंतर बाजार कोसळला आणि जीटीओ निम्म्याच्याही खूप खाली आली, पण कापलेल्या गाड्या थोड्याच परत जोडता येतात.

या पडझडीतून एक शब्द मोठा झाला, मॅचिंग नंबर, म्हणजे गाडीच्या भागांवरचे नंबर जुळणारे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ याच शब्दाचा आहे. 250 मालिकेच्या काळात चॅसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) जो नंबर पंच केलेला तोच इंजिनवर असायचा, शिवाय इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलवर कारखान्याचे वेगळे अंतर्गत नंबर. पुढच्या गाड्यांत, उदाहरणार्थ फेरारीच्याच 308 मॉडेलमध्ये, इंजिनाचा नंबर चॅसिसपेक्षा वेगळाच, म्हणजे तिथे मॅच म्हणजे कारखान्याच्या रजिस्टरमध्ये जी जोडी लिहिलीय ती. एकच शब्द, दोन अर्थ, आणि विकणारा आपल्या सोयीचा अर्थ सांगतो. शिवाय नंबर काय, पंच पुन्हा मारता येतो. जुना नंबर घासून नवा मारलेल्या ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर) आजूबाजूचा धातू थोडा खोलगट लागतो, नखाने कळतं म्हणणारे जाणकार आहेत, पण अर्धा दिवस वेळ काढून मारलेला पंच त्यांनाही फसवतो.

मग 2006 च्या सुमारास फेरारी कंपनीने स्वतःच जुन्या गाड्या तपासून सर्टिफिकेट द्यायला सुरुवात केली, लाल फाइलमध्ये फोटोंसकट. जुनी ड्रॉइंग्ज, बिल्ड शीट (कोणत्या गाडीत काय बसवलं त्याच्या नोंदी) कंपनीकडेच आहेत त्यामुळे अधिकार कोणाचा हा प्रश्न नाही. वाद इथे आहे की मूळ इंजिन हरवलं असेल तर कंपनी जुन्या ड्रॉइंगवरून नवा ब्लॉक ओतून देते, आणि 'मूळ किंवा त्याच प्रकारचा' भाग असेल तर गाडी पास होऊ शकते. म्हणजे तपासणारा तोच, दुरुस्त करणारा तोच आणि पास करणाराही तोच. कंपनीची बाजूही समजते, फुटलेल्या ब्लॉकची गाडी कायम शोकेसमध्ये ठेवायची का, ती चालायला नको का? मान्य. पण त्या फाइलमुळे भाव वाढतो हे खरं असेल तर 'मूळ' आणि 'त्याच प्रकारचा' हे दोन शब्द पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात वेगळे लिहिलेले असावेत, खरेदीदाराने आतली पानं उलटत शोधायचं ही पद्धत मला पटत नाही.

दुसरीकडे न हात लावलेल्या गाड्यांचं वारं आलं. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने 2012-13 मध्ये एक सनद आणली, जुन्या वास्तूंच्या 1964 च्या सनदेवर बेतलेली, सांगणं एवढंच की आधी जपा, मग दुरुस्त करा, आणि जे बदललं ते लिहून ठेवा. फेब्रुवारी 2015 मध्ये पॅरिसला फ्रान्समधल्या एका शेतघरात सापडलेली कॅलिफोर्निया स्पायडर विकली गेली, वर मासिकांचे गठ्ठे रचलेले होते, भाव 1 कोटी 63 लाख युरो. तिच्याच शेजारी दुसऱ्या इटालियन कंपनीची मासेराती ए6जी, डिकी चेपलेली, तीही जवळपास 20 लाख युरोंना. 2017 मध्ये जपानमधून आलेली ॲल्युमिनियम बॉडीची फेरारी डेटोना धुळीसकट 18 लाख युरोला गेली. धूळ झटकायची नाही हे आता विक्रेत्यांनाही कळलंय. फक्त हेही लक्षात ठेवावं की जुनं रबर, इंधनाची टाकी, ब्रेकचे होज बदलल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर काढणं धोक्याचं आहे, नुसतं जपून भागत नाही.

पण पारितोषिकं आणि पैसा अजून वेगळंच सांगतात. 2014 मध्ये पेबल बीचवर, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या जुन्या गाड्यांच्या नावाजलेल्या प्रदर्शनात, पहिल्यांदा फेरारीला सर्वोच्च मान मिळाला तो 375 एमएमला, एका इटालियन चित्रपट दिग्दर्शकाची गाडी, मूळची उघडी स्पायडर, ठोकल्यावर दुसऱ्याच कारागिराकडून बंद कूपे झालेली. म्हणजे तीही बदललेलीच. 2019 मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या कोर्टाने जीटीओच्या आकाराला कलाकृती म्हणून संरक्षण दिलं, नक्कल बनवणाऱ्यांना चाप बसावा म्हणून, पण कलाकृती म्हणजे 1962 चा आकार की 1964 चा, यावर अजून बोलणं बाकी आहे. आपल्याकडे 2021 च्या नियमात 50 वर्षांपुढच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळायची तर चॅसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल नको अशी अट आहे, त्या मोजमापाने सुरुवातीची ती बॉडी बदललेली जीटीओ अडकली असती.

नोव्हेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कला, लिलावातल्या फेरारीचा 2018 चा तो विक्रमही मोडला, 5 कोटी 17 लाख डॉलर, पुन्हा जीटीओच. ही 1962 मध्ये चार लिटरचं इंजिन घेऊन फ्रान्समधल्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीला उतरली होती, नंतर कारखान्यानेच ते काढून तीन लिटरचं बसवलं. बोली लावणाऱ्यांनी ते तीन लिटरचं इंजिनही ओरिजिनलच धरलं.