दगडाच्या पोटातला जिना

रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभाचे फोटो बघितले की सगळ्यांची नजर बाहेरच्या कोरीवकामावरच जाते, आणि ते आहेच तसं, डेशियाच्या (म्हणजे आजच्या रोमानियाच्या भागातल्या) लढाया गोल गोल फिरत वर गेलेल्या, अडीच हजारांच्या वर माणसं कोरलेली. पण माझ्या मते खरी कमाल आतमध्ये आहे. या स्तंभाच्या पोटात १८५ पायऱ्यांचा गोल जिना आहे, तोही बांधलेला नाही, अख्ख्या संगमरवरातून कोरून काढलेला.

गोल जिना ही आयडिया त्याआधीची. सिसिलीतल्या सेलिनुंते या ग्रीक शहरात एक देऊळ आहे, टेंपल ए म्हणतात त्याला, इसवी सनपूर्व ४८० च्या सुमाराचं, तिथे गाभाऱ्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंना असे जिने होते, आज त्यांचे खालचे अवशेष दिसतात. माहीत असलेल्या गोल जिन्यांमधले हे सगळ्यात जुने. फायदा साधा आहे, सरळ जिन्याला लांब जागा लागते, गोल जिना तेवढ्याच छोट्या वर्तुळात कितीही वर नेता येतो.

ट्रेजनचा स्तंभ इसवी सन ११३ चा. इटलीतल्या कॅराराचा संगमरवर, एकावर एक ठेवलेले प्रचंड गोल ठोकळे. एकच ठोकळा डोळ्यासमोर आणा, साडेतीन मीटरपेक्षा जास्त रुंद, उंची साधारण दीड मीटर, आणि आतून पोकळ केल्यावरही वजन ३० टनांच्या आसपास. मधला खांब, पायऱ्या, बाहेरची भिंत, सगळं एकाच दगडात. १४ पायऱ्यांना एक पूर्ण फेरा होतो, म्हणजे एका ठोकळ्यात अर्धा फेरा, ७ पायऱ्या. आता पुढचा ठोकळा वर चढवताना तो जरा जरी फिरला तरी खालची शेवटची पायरी आणि वरची पहिली पायरी जुळणारच नाही, आणि ३० टनांचा दगड एकदा बसला की थोडा सरकवून बघू असं होत नाही. मापं आधीच बरोबर पाहिजेत! सगळ्यात वरचा, माथ्याचा दगड तर ५० टनांच्या वर, तो तीसेक मीटर उंच चढवलाय, दोर, कप्प्या आणि माणसांच्या जोरावर.

आत अंधार नको म्हणून भिंतीत ४० च्या वर चिंचोळ्या फटी ठेवल्यात, बाहेरून त्या कोरीवकामात पटकन सापडत पण नाहीत.

ग्रीकमध्ये गोगलगायीला कोखलियास म्हणतात, त्यावरून रोमन लोक असल्या, आत गोल जिना असलेल्या स्तंभाला कोख्लिस म्हणायचे. आपल्या कानातला गोगलगायीच्या शंखासारखा भाग, कॉक्लिया, तोसुद्धा त्याच शब्दातला.

आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर दारावरच्या शिलालेखात लिहिलंय की इथली टेकडी किती उंचीची खोदून काढली ते दाखवायला हा स्तंभ उभारला. म्हणजे आतून चढणारा माणूस त्या काढून टाकलेल्या टेकडीची उंचीच चढत होता, पायरी पायरीने.