टूर्नामेंटचा डाव (बुद्धिबळ)

टूर्नामेंटचा डाव म्हणजे दोन स्पर्धकांनी घड्याळ लावून, पंचांच्या देखरेखीत खेळलेला डाव. नियम फिडेचे, ही जागतिक संघटना 1924 ची. मराठवाड्यात संभाजीनगर असो की नांदेड, लातूर, परभणी, जागा बहुतेक वेळा शाळेचा हॉल नाहीतर मंगल कार्यालय.

पारावरचा देशी खेळ वेगळा. तिथं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची उडी मिळते. तसं शिकून आलेलं लेकरू इथं चालींपेक्षा शिस्तीत जास्त मार खातं. सगळ्यात मोठा नियम टच मूव्ह: चालीच्या इराद्याने मोहऱ्याला हात लावला की तेच खेळायचं, नुसतं सरळ करायचं असेल तर आधी 'अ‍ॅडजस्ट' म्हणायचं. किल्लेकोट (राजा दोन घरं हत्तीकडे आणि हत्ती त्याच्या पलीकडे, अशी एकाच चालीत दोन्ही हलवायची चाल) करताना आधी राजा उचलायचा, कारण आधी हत्तीला हात लागला तर त्या चालीत त्या बाजूला किल्लेकोट होत नाही, हत्तीच हलवावा लागतो, आणि हे सगळं एकाच हाताने, घड्याळसुद्धा (चाल झाली की ते दाबून समोरच्याची वेळ सुरू करतात) त्याच हाताने दाबायचं. बेकायदा चाल करून घड्याळ दाबलं तर क्लासिकलमध्ये (लांब वेळेच्या डावात) समोरच्याला 2 मिनिटं जास्त मिळतात, दुसऱ्यांदा केलं की साधारणपणे डावच गेला. फोन खिशात सापडला तरी पॉइंट जाऊ शकतो, बंद होता वगैरे कुणी ऐकत नाही.

क्लासिकलला 90 मिनिटं अधिक दर चालीला 30 सेकंद हा नेहमीचा हिशोब, आणि चाली लिहाव्याच लागतात. रॅपिडला प्रत्येकी 10 पेक्षा जास्त पण 60 पेक्षा कमी मिनिटं. एका दिवसाच्या स्पर्धा म्हणूनच रॅपिड ठेवतात, लिहायचंही बंधन नसतं, बाहेरगावच्यांना संध्याकाळची गाडीपण मिळते.

जोड्या स्विस पद्धतीने लागतात, म्हणजे हरला तरी बाहेर जात नाही, पॉइंट सारखे असलेले शक्यतो एकमेकांसमोर येतात. त्यामुळे खरी चुरस शेवटच्या राउंडला, आणि तिथंच बरोबरीची भाषा सुरू होते. ऑफर आपली चाल करून, घड्याळ दाबायच्या आधी द्यायची. समोरचा विचार करत असताना सारखं 'ड्रॉ का?' विचारणं म्हणजे त्रास देणंच, पंच दंड करू शकतात. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येते, पाचव्यांदा आली तर न मागता डाव संपतो.

नंतरचं अ‍ॅनालिसिस हॉलच्या बाहेर करायचं, आत बोललं की पंच उठवतात.