सांडपाण्यातील पोषकद्रव्ये, किनारी भूजलातील (गोवा)

शौचालय, न्हाणीघर व स्वयंपाकघर यांच्या सांडपाण्याबरोबर जमिनीत मुरणारी नायट्रोजन व फॉस्फरस यांची संयुगे आणि ती समुद्राला मिळेपर्यंत त्यांत होणारे बदल. कांदोळी-कळंगुट किंवा कोलवा येथील वाळूच्या पट्ट्यात शोषखड्डा व विहीर पुष्कळदा एकाच आवारात असतात, त्यामुळे गोव्यात हा प्रश्न समुद्राआधी पिण्याच्या पाण्याचा ठरतो.

सेप्टिक टँकमधून निघणाऱ्या पाण्यात नायट्रोजन मुख्यतः अमोनियमच्या रूपात असतो. शोषखड्ड्याखालच्या कोरड्या, हवा खेळणाऱ्या वाळूत सूक्ष्मजंतू त्याचे नायट्रेट बनवतात. नायट्रेट वाळूला चिकटत नाही. ते पाण्याच्या वेगानेच पुढे सरकते. पावसाळ्यात भूजल खड्ड्याच्या तळाशी भिडले की हा हवेशीर थर बुडतो आणि बरेचसे अमोनियम तसेच खाली उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिग्रॅ.पेक्षा अधिक नसावे. जास्त असल्यास तान्ह्या मुलांच्या जिवाला धोका संभवतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याची तीव्रता वाढते.

फॉस्फेटचा प्रवास संथ असतो. जांभ्यातील लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे ते धरून ठेवतात. पाण्यातील ऑक्सिजन संपला की लोह विरघळते व फॉस्फेट सुटते. ओहोटीच्या वेळी असे लोहयुक्त गोडे पाणी पुळणीवर पाझरते, तेथे वाळूवर गंजासारखी तांबूस साय दिसते. लोह पुन्हा साक्याच्या रूपात बसताना काही फॉस्फेट परत बांधले जाते.

गोडे भूजल व समुद्राचे पाणी जमिनीखाली मिसळते त्या क्षेत्राला सागर-रसायनशास्त्रज्ञ विलार्ड मूर यांनी 1999 मध्ये ‘भूमिगत खाडीमुख’ अशा अर्थाचे नाव दिले. तेथे किती नायट्रेट नष्ट होते याविषयी मतभेद आहेत. क्षारतेसमोर नायट्रेटचा आलेख नुसत्या मिसळण्याने अपेक्षित असलेल्या सरळ रेषेच्या खाली वाकला, तर तेवढी घट सूक्ष्मजंतूंनी केली असे मानण्याची पद्धत आहे. मात्र गोड्या पाण्यातील मूळ नायट्रेट वर्षभर स्थिर राहते, हे तिचे गृहीतक मोसमी पावसाच्या प्रदेशात सहसा टिकत नाही. घट नसतानाही रेषा वाकू शकते. उरलेल्या नायट्रेटमध्ये नायट्रोजन-15 व ऑक्सिजन-18 या जड समस्थानिकांचे प्रमाण एकत्र वाढणे आणि पाण्यात जादा नायट्रोजन वायू सापडणे हा पुरावा अधिक भरवशाचा वाटतो. तसेच विनायट्रीकरणास, म्हणजे सूक्ष्मजंतूंनी नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करण्यास, सेंद्रिय कार्बन लागतो. स्वच्छ वाळूत तो तुटपुंजा असल्याने नायट्रेट दूरवर जाऊ शकते. खाजने (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेते) व खारफुटी यांच्या चिखलात तो भरपूर असतो. तेथेही काही नायट्रेटचे पुन्हा अमोनियम होते, म्हणजे नायट्रोजन पाण्यातच राहतो.

गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या उत्तरार्धात तळाजवळचा ऑक्सिजन जवळजवळ संपतो. खोल पाणी वर सरकण्याची नैसर्गिक क्रिया हे त्यामागील प्रमुख कारण होय. केवळ किनारी सांडपाण्यावरून त्याचा उलगडा होत नाही.