अ‍ॅट्रोपीन कळतं, त्याला स्मृतिभ्रंश अवघड नाही

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मला मुळीच मान्य नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे बहुतेकांना तो नाही, आणि ज्यांना आहे त्यांना आजार आहे. मराठवाड्यात मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर लातूर, नांदेड नाहीतर संभाजीनगर. तेव्हा हा आजार ओळखायला शिकवायचं ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला, आणि सुरुवात करायची फवारणीच्या विषबाधेपासून!

ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची बाधा झालेला शेतकरी आला की इथला डॉक्टर तडक अ‍ॅट्रोपीन हा उतारा देतो. का? चेतापेशी निरोप द्यायला अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात आणि एक विकर (एन्झाइम) ते लगेच तोडतं. विष त्या विकरालाच निकामी करतं. मग अ‍ॅसिटिलकोलीन साचतं. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या. अ‍ॅट्रोपीन मस्करिनिक ग्राही, म्हणजे पेशींवरच्या हा निरोप घेणाऱ्या जागा, अडवून हा मारा थोपवतं. त्याची मात्रा जास्त झाली, की रुग्ण बडबडतो, चादर चाचपडतो, हवेतलं काहीतरी पकडू बघतो. अ‍ॅसिटिलकोलीनची वाट अडलेला मेंदू असा दिसतो.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात मेंदूच्या तळाशी असलेल्या, अ‍ॅसिटिलकोलीन पुरवणाऱ्या पेशीच मरत जातात. डोनेपेझिल हे औषध तेच विकर बेताने रोखून उरलेला साठा टिकवतं. आजार थांबत नाही, काहींना आधार मिळतो. पण हे औषध घेणाऱ्या आजीला झोपेसाठी अमिट्रिप्टिलीन, सर्दीसाठी क्लोरफेनिरामाइन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन चालू असेल तर? या तिन्ही गोळ्या कमी-अधिक प्रमाणात अ‍ॅट्रोपीनसारख्याच वागतात. म्हणून तपासणीआधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगावी. (गोळ्या घरच्यांनी मनाने बंद करू नयेत.) मग बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉईड आणि नैराश्य तपासावं; यांमुळे आलेला विसराळूपणा उपचारांनी पुष्कळदा सुधारतो.

घड्याळाचं चित्र काढायला लावणारी चाचणी शाळा न पाहिलेल्या माणसावर अन्याय करते. त्यापेक्षा सुनेला विचारावं: बाजारात पैशांचा हिशोब जमतो का, रोजच्या वाटेवर चुकतात का, वर्षापूर्वी असं होतं का?

‘सुनेनं माझ्या पाटल्या चोरल्या’ असं सासू रोज ओरडते, तेव्हा घरचे भानामती समजून देवऋषाकडे धावतात. भानामती नावाची कुठलीही शक्ती नाही. वस्तू ठेवल्याची आठवणच तयार होत नाही, म्हणून ती चोरीला गेली असं मेंदू ठरवतो. गावातल्या आरोग्यसेविकेला, आशाताईला, एवढं सांगता आलं, तरी त्या घरात सुनेचा छळ थांबेल आणि सासू दवाखान्यात पोचेल.