महागाई ०.२५ टक्के, मग किराणा स्वस्त का नाही?

ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाई दर ०.२५ टक्के आला तेव्हापासून एकच फॉरवर्ड फिरतोय, "आमचा तर खिसा रिकामा, आकडे खोटे". अहो, दर घसरला म्हणजे भाव उतरले असं नसतं, वर्षभरात किती वाढले एवढंच तो सांगतो, म्हणजे समजा १०० चं तेल आधीच १५० झालं आणि वर्षभर तिथेच थांबलं तर दर शून्य, पिशवी महागच. शिवाय हा दर ज्या वस्तू-सेवांच्या यादीवरून काढला, त्या २०१२ च्या बास्केटमध्ये खाण्यापिण्याचं वजन (म्हणजे खर्चातला वाटा) जवळपास ४६ टक्के होतं, भाज्यांचे भाव पडले की अख्खा आकडा खाली. तो सरासरी घराचा आकडा, खोटा नाही. आमच्याकडे निम्मा पगार घरभाडं आणि पोराच्या फीमध्येच जातो, कोथिंबिरीची जुडी स्वस्त मिळाली (मिळाली, मान्य!) म्हणून घरमालक थोडाच भाडं कमी करतोय.