न फुटणारी लाट

गुहागरच्या पुळणीवर पावसाळ्यात उभं राहा. लाट उथळ पाण्यात शिरते, तिची पुढची बाजू उभी चढते, माथा पुढे झुकतो आणि फेस होतो. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. माथ्याखाली पाणी जास्त, म्हणून माथा पायथ्याला गाठतो. उंचीच वेग बदलते, ही झाली अरेषीयता. दुसरी ओढ उलट दिशेची: लांब लाटा जोरात जातात, आखूड मागे पडतात, म्हणून खाडीत लाँचमागच्या लाटा पसरत विरतात. हे अपस्करण.

दोन्ही नेमके तुल्यबळ झाले तर? १८३४ मध्ये एडिंबराजवळच्या कालव्यात घोड्यांनी ओढलेली होडी अचानक थांबली आणि तिच्यापुढचा पाण्याचा उंचवटा एकटाच पुढे निघाला. जॉन स्कॉट रसेल हा अभियंता घोड्यावरून त्याच्या मागे लागला. फूट-दीड फूट उंच, तीस फूट लांब, वेग ताशी आठ-नऊ मैल! मैल-दोन मैल गेल्यावर ती लाट हरवली. रसेलनं पुढे टाकीत प्रयोग करून वेगाचं सूत्र काढलं. एअरी आणि स्टोक्ससारख्या दिग्गज गणितज्ञांना मात्र अशी लाट आकार न बदलता टिकते, हेच पटेना.

कोर्टेवेग आणि द व्रीस या डच गणितज्ञांनी १८९५ मध्ये दोन्ही परिणाम एकाच समीकरणात बसवले. अशा समीकरणांची उकल सहसा हाती लागत नाही; इथे ती एका ओळीत मावते: हायपरबोलिक सेकंटचा वर्ग, म्हणजे दोन्हीकडे उतरत जाणारा एकच उंचवटा. जितकी उंच लाट, तितकी ती अरुंद आणि वेगवान. मीटरभर खोल पाण्यात रसेलच्या सूत्रानं २० सेंटिमीटरची लाट ताशी सुमारे १२.३ किलोमीटर जाते, ४० सेंटिमीटरची १३.३.

खरी गंमत १९६५ ची. झाबुस्की आणि क्रुस्कल या शास्त्रज्ञांनी हे समीकरण संगणकावर सोडवून पाहिलं, की मोठी लाट लहानीला गाठते, दोघी एकमेकींत मिसळतात आणि जशाच्या तशा बाहेर पडतात. मोठी थोडी पुढे सरकलेली, लहान थोडी मागे, एवढाच फरक. रेषीय समीकरणात लाटांची नुसती बेरीज होते, तिथे यात नवल नव्हतं; इथे आहे.

हे समीकरण तळ सपाट धरतं. दाभोळच्या खाडीत कुठे वाळू, कुठे खडक, वर भरती-ओहोटी. तिथे संगणकच लागतो. पण त्सुनामीचा प्रोग्राम विश्वासाचा आहे का हे बघायला आधी हीच एकली लाट त्यात सोडतात. ती पुढे जाताना बुटकी झाली किंवा मागे शेपूट सोडू लागली, तर चूक प्रोग्रामची.