गोठ्यातल्या औषधाची वही

दूध चांगलं, विरजण कालचंच, तरी सकाळी झाकण काढलं तर दुधाचं दूध. दोष आपण थंडीला देतो. पण कधीकधी कारण थेट गोठ्यात असतं. गाईला कासदाह, म्हणजे गावाकडची दगडी झाली, की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. पुढचे काही दिवस औषधाचा अंश दुधात उतरतो. उकळल्यावर जंतू मरतात, औषध मात्र बरंचसं टिकतं आणि विरजणातल्या जिवाणूंना वाढू देत नाही. दूध तपासण्याची एक चाचणी याच तत्त्वावर चालते: नळीतला जिवाणू वाढला की आम्ल तयार होऊन जांभळा रंग पिवळा होतो. जांभळा तसाच राहिला, तर दुधात औषध आहे.

औषध दिल्यावर किती दिवस दूध विकायचं नाही, हे वेष्टनावर छापण्याचा नियम भारतात २०१२ मध्ये आला. छापलेलं नसेल तर दूध-अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी २८. दोन गाईंवर घर चालवणाऱ्याला सात दिवसांचं दूध ओतून द्या म्हणणं सोपं नाही, हेही खरं.

तरी दुधातला अंश हा प्रश्नाचा लहान तुकडा. दूध स्वच्छ निघालं म्हणून जनावराच्या आतड्यातले, औषधाला पुरून उरलेले जिवाणू कुठे जात नाहीत. ते शेणातून शेतात, हातांवर, मांसावर येतात. वर प्रतिकाराचे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सरकतात, जातपात न बघता.

याचा सगळ्यात बोलका हिशेब डेन्मार्कमधला आहे. कोंबड्या-डुकरांचं वजन भराभर वाढावं म्हणून तिथे खाद्यात अ‍ॅव्होपार्सिन हे अँटिबायोटिक मिसळत. हे व्हँकोमायसिनचं सख्खं भावंड, आणि व्हँकोमायसिन म्हणजे इस्पितळातलं राखीव अस्त्र. १९९४ मध्ये त्या देशात माणसांसाठी २४ किलो व्हँकोमायसिन लागलं, जनावरांच्या पोटात अ‍ॅव्होपार्सिन गेलं २४,००० किलो. १९९५ मध्ये त्यावर बंदी आली. त्या वेळी कोंबड्यांमध्ये सापडणाऱ्या एका आतड्यातल्या जिवाणूचे सुमारे तीन चतुर्थांश नमुने या औषधांना प्रतिरोधक होते. २००० पर्यंत ते पाच-सहा टक्क्यांवर आले.

डुकरांमध्ये मात्र आकडा हलेना. बंदी आहे, औषध नाही, प्रतिकार तसाच. शोधल्यावर कळलं, की या प्रतिकाराचा जनुक आणि टायलोसिन या दुसऱ्याच औषधाच्या प्रतिकाराचा जनुक डीएनएच्या एकाच सुट्या वेटोळ्यावर बसलेले आहेत. टायलोसिन चालू, म्हणून दोघेही जगत होते. १९९८ मध्ये वजनवाढीसाठी टायलोसिन देणं थांबलं, तेव्हा कुठे आकडा उतरला. एका औषधाची नोंद ठेवून भागत नाही, ती सगळ्यांची लागते, हे तिथे असं कळलं.

मग २००० मध्ये व्हेटस्टॅट आलं. कोणत्या फार्मवर, कोणत्या जातीच्या, कोणत्या वयाच्या जनावराला किती औषध लिहून दिलं, याची देशभराची वही. नुसते किलो मोजून चालत नाही, ही त्यातली मेख. जुनं टेट्रासायक्लिन जास्त वजनात द्यावं लागतं, नवी औषधं किलोमागे काही मिलिग्रॅम पुरतात. म्हणजे जुनं सोडून नवं, जास्त मोलाचं औषध धरलं, तर किलो घटतात आणि धोका वाढतो. म्हणून शंभर जनावरांमागे रोज किती डोस, असं मोजतात. २०१० पासून मर्यादा ओलांडणाऱ्या फार्मला पिवळं कार्ड मिळतं, फुटबॉलसारखं. पुढे माणसांसाठी निर्णायक अशा काही औषधांचा डोस दहापट धरून मोजायला लागले. ही युक्ती मला फार आवडते. बंदी न घालताही डॉक्टरचा हात आपोआप दुसऱ्या बाटलीकडे वळतो.

भारताने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर खाद्यप्राण्यांसाठी बंदी घातली. जनावरांतल्या प्रतिरोधक जिवाणूंचे नमुनेही प्रयोगशाळांच्या एका जाळ्यातून तपासले जातात. पण औषध किती गेलं, हे गोठ्यागणिक सांगणारी वही अजून नाही. दोन-चार गाईंच्या लाखो गोठ्यांत ती कुणी लिहायची, हा अवघड सवाल आहे. अशक्य मात्र वाटत नाही. कालवडीला रेतन कधी केलं, याची तारीख कितीतरी गोठ्यांच्या भिंतीवर खडूने लिहिलेली असते. ट्यूब कधी सोडली, कोणती, किती दिवस, एवढं तिच्याशेजारी मावेल.